दोन पावसाळ्यांची फेलोशिप

विज्ञान आणि तंत्रज्ञान आपत्तीत सापडलेल्या, आजारी किंवा विस्थापित माणसांच्या उपयोगी पडावे, या हेतूने दिल्या जाणाऱ्या संशोधन फेलोशिपांविषयी गेल्या काही वर्षांत आमच्या बेळगाव भागातील विद्यार्थी बरीच विचारणा करू लागले आहेत. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेली, नुकतीच एम.एस्सी. झालेली, वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेली, अशी सगळीच मुले-मुली त्यात असतात. शिफारसपत्र मागायला येताना ती प्रस्तावाचा मसुदाही आणतात, आणि तो वाचल्याशिवाय सही करायची नाही असा माझा शिरस्ता आहे. यांतील बहुतेक मसुद्यांत एक मोबाइल ॲप असते. पुराचा इशारा देणारे, गरोदर स्त्रियांची नोंद ठेवणारे किंवा मदतसाहित्याच्या वाटपाचा हिशेब ठेवणारे. ॲपला माझा विरोध नाही. परंतु ज्या प्रश्नावर तोडगा म्हणून ते सुचवलेले असते तो प्रश्न मुळात कोणाचा आहे, ती माणसे आज तो कसा निभावतात आणि त्यांचे घोडे नेमके कुठे अडते, याबद्दल मसुद्यात दोन ओळीही सापडत नाहीत. याचा दोष केवळ मुलांना देऊन चालणार नाही, कारण वर्षभरात काहीतरी 'दाखवता' आले पाहिजे अशा बेताने बऱ्याच फेलोशिपांची आखणी झालेली असते. सीमाभागातील प्रश्नांवर काम करायचे असेल, तर फेलोशिपची मुदत दोन पावसाळ्यांहून कमी असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

परदेशी विद्यापीठांचे वर्ष सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते आणि त्यांच्याशी जोडलेल्या फेलोशिपाही त्याच वेळापत्रकाने चालतात. आपल्याकडे कृष्णा पात्राबाहेर पडते ती साधारण जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. म्हणजे फेलो गावात पोहोचतो तेव्हा गाळ वाळलेला असतो, पंचनामे उरकलेले असतात आणि लोक ऊसतोडीच्या तयारीला लागलेले असतात. पुढचे काही महिने ओळखीपाळखी आणि परवानग्या यांत जातात. पुन्हा पाणी चढू लागते तेव्हा हा गृहस्थ अंतिम अहवाल लिहीत बसलेला असतो. ज्या घटनेसाठी त्याला पाठवले ती त्याने पाहिलेलीच नसते, किंवा फार तर एकदा, पाहुण्यासारखी पाहिलेली असते.

पुराचे ज्ञान आमच्या नदीकाठाला नाही असे मानून जे प्रस्ताव लिहिले जातात, त्यांची मला गंमत वाटते. मांजरी, येडूर, कल्लोळ, जुगूळ, मंगावती या बाजूच्या कोणत्याही शेतकऱ्याला जुलैमध्ये विचारावे. राजापूर बंधाऱ्यावरून किती क्युसेक चालले आहे, दूधगंगेतून किती येते आणि कल्लोळजवळ दोन्ही मिळून बेरीज किती होते, हे तो तोंडपाठ सांगतो. राजापूर बंधारा शिरोळ तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. त्याच्या वरच्या अंगाला नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळालेली असते, आणि वेदगंगेला पोटात घेतलेली दूधगंगा पुढे कर्नाटकात येऊन कृष्णेत पडते. त्यामुळे शिरोळकडच्या सोयऱ्याला केलेला एक फोन हीच इथली पहिली पूरसूचना असते. दिवसभर ११,५७४ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) वाहिले की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, पाणी होते, हा हिशेब शाळा अर्धवट सोडलेली माणसेही बिनचूक करतात.

हा आकडा कळल्यावर शेतकरी जो पहिला निर्णय घेतो तो स्वतःच्या जिवाचा नसतो, मोटारीचा असतो. नदीकाठची विजेची मोटार वर काढायची की नाही? काढायची तर गडी, दोरखंड, ट्रॅक्टर हे सगळे जमवावे लागते आणि तेवढे दिवस पाणी पाजणे बंद पडते. काढली नाही आणि पाणी चढले, तर मोटार भरून जाते आणि ती दुरुस्त करायला शहरात न्यावी लागते. त्यानंतर वैरण, त्यानंतर जनावरे, आणि सर्वांत शेवटी माणसे, असा हा क्रम असतो. शासकीय इशाऱ्यात मात्र 'सखल भागातील नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे' एवढेच असते. जनावरांची सोय नसेल तर काळजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी निवाऱ्यात, येण्यास माणसे का कू करतात, हे पहिल्या पावसाळ्यात आलेल्या संशोधकाला अडाणीपणाचे वाटते आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्याचे कारण कळते. इशारा मोटारीसाठी एक, वैरणीसाठी एक आणि माणसांसाठी एक अशा तीन पातळ्यांवर देता येईल का, प्रत्येकासाठी किती तासांची पूर्वसूचना लागते आणि सध्याच्या नदीमापनातून तेवढा अवधी मिळतो का, हा माझ्या मते एका चांगल्या फेलोशिपचा विषय आहे.

दुसरा विषय आकाशातून पाहण्याचा. पावसाळ्यात ढगांमुळे साध्या उपग्रहचित्रांचा उपयोग होत नाही, म्हणून ढगांच्या आरपार पाहणाऱ्या रडार उपग्रहांवर भिस्त ठेवावी लागते. युरोपच्या सेंटिनेल-१ ची अशी चित्रे २०१४ पासून सर्वांना विनामूल्य मिळतात, हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र पूरक्षेत्राचे नकाशे तयार करते, आणि मोठ्या आपत्तीत उपग्रहचित्रे मोफत पुरवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात इस्रो २००१ पासून सहभागी आहे. एवढे असूनही आमच्या भागात एक अडचण उरते, ती उसाची. सेंटिनेल-१ च्या लहरींची लांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि त्या दाट पिकाच्या शेंड्यांवरूनच बऱ्याचशा परततात. ऑगस्टमध्ये डोक्याच्या वर गेलेल्या उसाच्या फडात कंबरभर पाणी असले, तरी नकाशावर ते रान कोरडे दिसू शकते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या निसार उपग्रहावरील अधिक लांबीच्या लहरी पिकात खोलवर शिरतात, त्यामुळे हे चित्र सुधारण्याची आशा आहे. पण किती सुधारले हे ठरवायचे तर कोणाला तरी भर पावसात, उपग्रह डोक्यावरून जाईल त्या दिवशी, बांधावर उभे राहून कोणत्या फडात किती पाणी आहे याची नोंद करावी लागेल. ती नोंद एका हंगामाची असून भागत नाही, कारण पुढच्या वर्षी त्याच रानात लागण (नव्याने लावलेला ऊस) असेल की खोडवा (तोडीनंतर बुडख्यातून फुटलेला), आणि पीक किती उंच असेल, यावर सगळे गणित बदलते.

सीमेमुळे उभा राहणारा एक प्रश्न तर मला कोणत्याच प्रस्तावात दिसलेला नाही. मोबाइलवर मोठा आवाज करून येणारे आपत्तीचे जे संदेश आता देशभर दिले जातात, ते ठरावीक क्षेत्रातील टॉवरांवरून पसरवले जातात आणि त्या टॉवरशी जोडलेल्या प्रत्येक फोनवर पोहोचतात. हद्दीलगतच्या गावांत फोन कधी अलीकडचा टॉवर पकडतो, कधी पलीकडचा. अशा गावाला इशारा कोणत्या राज्याचा, कोणत्या भाषेत आणि कोणत्या धरणाच्या विसर्गाबद्दलचा मिळेल, हे तपासणे फारसे खर्चाचे काम नाही. त्याला थोडी चिकाटी मात्र लागेल.

संकट येण्यापूर्वी संशोधक तिथे रुजलेला असावा लागतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच देशातले आहे आणि तेही एका सीमेवरचेच. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी (कॉलरा) पसरली. पश्चिम बंगालमधील सीमेलगतच्या बनगावच्या रुग्णालयात शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून तोंडावाटे देण्यास सुरुवात केली. लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. ही पुडकी कोलकात्यात बांधली जात, द्रावण पिंपांत भरून ठेवले जाई आणि ते पाजण्याचे काम रुग्णांचे नातेवाईक करीत. तोवर सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले. हे सारे ऐन वेळच्या सुचण्यातून घडले असे सांगण्याची पद्धत आहे, पण ती अर्धीच हकीकत झाली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कोलकात्यातील संशोधन केंद्रात महालनबीस १९६६ पासून याच विषयावर काम करीत होते. रुग्णाला किती द्रावण लागते, कोणत्या टप्प्यावर शिरेचे सलाईन थांबवता येते, हे त्यांच्या हाताखालून गेलेले होते. कोणी त्यांना १९७१ च्या जूनमध्ये वर्षभराची फेलोशिप देऊन तिथे उतरवले असते, तर ही हिंमत त्यांनी केली असती का, याची मला शंका आहे. त्यांचा शोधनिबंध १९७३ मध्ये छापून आला आणि जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत जगभर नेण्याचे काम त्यानंतर हाती घेतले.

यापुढे मी ज्याबद्दल लिहिणार आहे ते बेळगावात राहूनही अनेकांना ठाऊक नसते. प्रसूतीनंतर होणारा अतिरक्तस्राव हे जगभर मातामृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. तो थांबवणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन थंड ठेवावे लागते आणि ते टोचणारा प्रशिक्षित हात लागतो. घरी किंवा उपकेंद्रात होणाऱ्या बाळंतपणात दोन्हींचा भरवसा नसे. त्याऐवजी साध्या तापमानात टिकणारी मिसोप्रोस्टॉलची गोळी नर्सबाईंनी दिली तर उपयोग होतो का, याचा अभ्यास केएलई संस्थेच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकी संशोधकांच्या सहकार्याने बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत केला. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ असा तो चालला, म्हणजे तीन पूर्ण पावसाळे त्यात आले, आणि त्यांतला शेवटचा २००५ च्या महापुराचा होता. १,६२० बाळंतिणींपैकी साधारण निम्म्यांना ६०० मायक्रोग्रॅम औषध आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी देण्यात आली. अतिरक्तस्रावाचे प्रमाण बिनऔषधी गोळीच्या गटात १२ टक्के आणि औषधाच्या गटात ६.४ टक्के निघाले. तीव्र रक्तस्रावाचे प्रमाण १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आले. गोळीने काही काळ थंडी वाजणे आणि ताप येणे असा त्रास होतो, हेही नोंदवले गेले. निष्कर्ष २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉलचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

माझ्या दृष्टीने या कामातील खरी शिकण्यासारखी वस्तू गोळी नसून एक पिशवी आहे. किती रक्त गेले हे तोवर डोळ्यांच्या अंदाजाने ठरत असे, आणि कपड्यात, चादरीत, जमिनीवर मुरलेल्या रक्ताचा अंदाज नेहमी कमीच निघतो. म्हणून बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायची प्लॅस्टिकची एक पातळ चादर तयार करण्यात आली. तिच्या खालच्या टोकाला निमुळती, पारदर्शक पिशवी आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. रक्त आपोआप पिशवीत उतरते आणि नर्सबाई खूण वाचते. ५०० च्या खुणेला रक्त पोहोचले की धोका सुरू झाला, यात मग मतभेदाला जागा राहत नाही. बेळगावच्याच जिल्हा रुग्णालयात डोळ्यांचा अंदाज आणि पिशवीचे माप यांची तुलना झाली, तेव्हा पिशवीतले माप सुमारे एक तृतीयांशाने अधिक भरले. पुढे २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातील ८० रुग्णालयांत झालेल्या मोठ्या अभ्यासात अशीच खुणांची चादर आणि वेळीच एकत्र द्यायचे उपचार यांमुळे तीव्र रक्तस्राव आणि त्यातून ओढवणारे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. या चादरीत ना चिप आहे, ना ॲप. पण आधी मोजल्याशिवाय उपाय सुचवायचा नाही ही शिस्त तिच्यात आहे, आणि फेलोशिपच्या मुलाखतीत परीक्षकांनी याच शिस्तीबद्दल विचारावे असे मला वाटते.

अशा मापाची वाट पाहत असलेली दुसरी गोष्ट म्हणजे पडझड झालेली घरे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा आणि मार्कंडेय या नद्या जवळपास एकाच वेळी पात्राबाहेर पडल्या, यमगर्णीजवळ पाणी आल्याने पुणे-बेंगळूर महामार्ग बंद झाला, आणि चिकोडीपासून गोकाक-रामदुर्गपर्यंत हजारो घरे पाण्यात गेली. कर्नाटक शासनाने नुकसानीच्या प्रमाणानुसार घरांचे ए, बी आणि सी असे वर्ग केले आणि पूर्ण पडलेल्या घरासाठी पाच लाख रुपये जाहीर केले. वर्ग ठरतो तो पाहणीला आलेल्या माणसाच्या नजरेने. मातीच्या भिंतीचे घर मात्र पाण्यात असताना पडतेच असे नाही. भिंत पायापासून पाणी शोषून घेते, जड होते, आतून मऊ पडते आणि पाणी ओसरून ऊन पडल्यावर, कधी आठ-पंधरा दिवसांनी, बसकण मारते. पंचनाम्याच्या दिवशी जे घर उभे होते ते कागदावर उभेच राहते. मग तहसीलदार कार्यालयात खेटे सुरू होतात, आणि तलाठ्यावर पक्षपाताचा आरोप होतो, जो प्रत्येक वेळी खरा असतोच असे नाही. भिंतीतील ओलाव्याचे मोजमाप करून तिची पुढील अवस्था सांगता येणे ही स्थापत्य अभियांत्रिकीत अशक्य कोटीतील गोष्ट नाही. त्यासाठी मातीच्या, विटांच्या, दगडमातीच्या अशा वेगवेगळ्या भिंती भिजताना आणि वाळताना मोजाव्या लागतील, आणि तलाठी खिशात नेऊ शकेल अशा स्वस्त साधनाने ते करता आले पाहिजे. आमच्या महाविद्यालयांतल्या प्रयोगशाळांत यासाठी लागणारे बरेचसे साहित्य आजही आहे.

आता पैसा कोठून मिळेल याविषयी थोडक्यात. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची वाइज-स्कोप ही फेलोशिप २७ ते ६० वयाच्या, विज्ञानाची पार्श्वभूमी असलेल्या स्त्रियांसाठी आहे आणि समाजाच्या प्रत्यक्ष अडचणींवर काम करणे हीच तिची अट आहे. संसारामुळे संशोधन सुटलेल्या आमच्या कितीतरी विद्यार्थिनींनी तिचा विचार करायला हवा. स्टेट बँकेची यूथ फॉर इंडिया फेलोशिप तेरा महिन्यांची असते आणि त्यात एखाद्या स्वयंसेवी संस्थेबरोबर खेड्यात राहावे लागते. ती संशोधनापेक्षा अनुभवाकडे झुकलेली आहे, पण पहिला पावसाळा तिच्यात काढता येतो. स्वित्झर्लंडमध्ये लोझान आणि झुरिकच्या तंत्रविद्यापीठांनी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीबरोबर २०२० मध्ये जो उपक्रम सुरू केला, त्यात समिती आपली प्रत्यक्ष कामातली गरज मांडते आणि संशोधक त्यावर काम करतात. प्रश्न आधी आणि फेलो नंतर, हा क्रम मला अधिक रास्त वाटतो. १९७३ पासून चालू असलेली अमेरिकेच्या विज्ञान प्रगती संघटनेची धोरणविषयक फेलोशिप केवळ अमेरिकी नागरिकांसाठी आहे, तेव्हा तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही. मात्र वैज्ञानिकाला वर्षभर सरकारी खात्यात बसवायचे ही तिच्यातली कल्पना आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन विभागाने जरूर उचलावी.

बाहेरून येणाऱ्या फेलोंसाठी एक सूचना. घरोघरच्या माहितीच्या अर्जात 'मातृभाषा' हा रकाना ठेवण्यापूर्वी दहादा विचार करावा. सीमावादावर १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगापासून इथे कोणत्या गावात कोणती भाषा बोलणारे किती, हा आकडा वादाचा आहे आणि २००४ पासून सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे. पुराच्या पाहणीला आलेल्या माणसाने भाषा विचारली की पुढची सगळी उत्तरे सावध येतात. याचा अर्थ भाषेकडे दुर्लक्ष करावे असा नाही. संशोधनात सहभागी होणाऱ्या व्यक्तीची संमती तिला समजणाऱ्या भाषेत घेतली पाहिजे, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आपल्याला औषधाऐवजी बिनऔषधी गोळीही मिळू शकते, ही गोष्ट खानापूरच्या बाईला मराठीत आणि सौंदत्तीच्या बाईला कन्नडमध्येच समजेल. म्हणून अर्ज दोन्ही भाषांत असावेत आणि कोणता हवा हे घरच्या माणसाने न विचारता उचलावे, एवढी साधी व्यवस्था पुरते. गोळा केलेली माहिती पुढे कोणाच्या हाती जाणार, हेही आधीच लिहून द्यावे. बांगलादेशातील रोहिंग्या निर्वासितांची माहिती म्यानमार सरकारपर्यंत पोहोचल्याचे ह्यूमन राइट्स वॉचने २०२१ मध्ये उघड केले होते, आणि ती माहिती मुळात मदतीच्या नावाखालीच घेतलेली होती.

फेलोशिप देणाऱ्या संस्था आपल्या सांगण्यावरून मुदत वाढवतील अशी माझी अपेक्षा नाही. दुसऱ्या पावसाळ्याची तरतूद इथल्याच संस्थांनी करावी, असे मी आमच्या विद्यापीठातील आणि महाविद्यालयांतील सहकाऱ्यांना सुचवले आहे. राहण्याची एक खोली, गावोगाव फिरण्यासाठी पेट्रोल आणि दोन्ही भाषा येणारा एक सहायक, एवढ्यावर जून ते ऑक्टोबर निघतो. आणि हा खर्च एखाद्या परिषदेच्या मांडवापेक्षा कमीच असतो. पुढच्या फेरीत अर्ज करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी मसुदा दिवाळीपूर्वी माझ्याकडे द्यावा, आणि त्यासोबत या पावसाळ्यात आपण कोणती गोष्ट, कुठे आणि कशाने मोजली त्याची वही जोडावी. ॲपचे चित्र नसले तरी चालेल.